काठ, दशा आणि संहिता

संहितेला वस्त्राची उपमा देणे समीक्षेच्या व्यवहारात आता इतके रूढ झाले आहे की ती उपमा आहे याचाच विसर पडावा. लॅटिनमधील ‘विणणे’ या अर्थाच्या ‘तेक्सेरे’ या धातूपासून ‘टेक्स्ट’ हा शब्द सिद्ध होतो, हे प्रत्येक प्रास्ताविकात सांगितले जाते. रोलां बार्थने १९७३ साली संहितेच्या आनंदाविषयी लिहिताना ही व्युत्पत्ती पुन्हा ऐरणीवर आणली आणि तयार कापडापेक्षा विणण्याच्या अखंड क्रियेवर भर दिला. तेव्हापासून धागे, वीण, पोत, गुंतागुंत हे शब्द समीक्षेच्या परिभाषेत स्थिरावले. मात्र या उपमेतून वस्त्राचा एक घटक सातत्याने गळून पडला आहे, तो म्हणजे त्याची कड. सीमेचा विचार करण्याची वेळ आली की समीक्षा विणकराचा माग सोडून लेखनिकाच्या कागदाकडे वळते आणि समास, हाशिया, परीघ या शब्दांनी बोलू लागते. हे स्थलांतर निरुपद्रवी नाही. कागदाची कड आणि कापडाची कड या दोन भिन्न प्रकारे निर्माण होणाऱ्या वस्तू आहेत, आणि त्यांतील भेद सीमेच्या संकल्पनेलाच स्पर्श करणारा आहे. हा भेद स्पष्ट होण्यासाठी वस्त्राच्या कडेचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

१

मागावर ताण्याचे उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात. धोट्यातून जाणारा बाण्याचा धागा त्यांच्यामधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो आणि तेथून परततो. तो जेथे परततो, तेथे काठ तयार होतो. काठ म्हणजे वस्त्र संपल्यावर त्याला लावलेली पट्टी नव्हे. तो वस्त्राबरोबरच, प्रत्येक फेरीला, धाग्याधाग्याने घडत जातो. परतणारा बाणा कडेच्या धाग्यांना आत ओढत असल्यामुळे तेथे ताण सर्वाधिक असतो. म्हणून विणकर त्या भागात ताण्याचे धागे अधिक दाट किंवा दुहेरी भरतो. इंग्रजीतील ‘सेल्व्हेज’ या शब्दाची फोड ‘स्वतःचीच कड’ अशी होते. वस्त्राला उसवण्यापासून वाचवणारी ही कड त्याला बाहेरून मिळालेली नसते.

वस्त्राच्या लांबीच्या दोन टोकांची स्थिती याहून वेगळी असते. तेथे ताण्याचे धागे परतत नाहीत. वस्त्र मागावरून उतरवताना ते कापावे लागतात आणि त्यांची टोके सुटी राहतात. संस्कृतात यांनाच ‘दशा’ म्हणतात आणि मराठीतील ‘दशी’ हा त्याचाच अवशेष होय. वस्त्र तेच, पण त्याला दोन जातींच्या सीमा आहेत: जेथे धागा वळतो तो काठ आणि जेथे धागा तुटतो ती दशा. प्राचीन पेरूमधील विणकर वस्त्राच्या चारही बाजू अशा रीतीने पूर्ण करीत की कोठेही कापण्याची गरज पडत नसे. परंतु भारतीय परंपरेने हा भेद मिटवला नाही. उलट तो शब्दांत आणि आचारांत जपला.

मराठी भाषेचा साक्षीपुरावा येथे महत्त्वाचा आहे. ‘काठ’ हा शब्द वस्त्राला आणि नदीला समान लागू पडतो. बंगालीतील ‘पाड’ या शब्दाचीही तीच गत आहे. नदीचा काठ पाण्याला अडवतो आणि नदीला नदीपणही देतो. काठावाचून उरते ते केवळ पसरलेले पाणी. याउलट ‘पदर’ हा टोकाचा विणलेला भाग भाषेत संबंधांचा वाहक झाला आहे. पदर पसरणे, पदरी पडणे, पदरी माणसे बाळगणे, पदरचे घालणे, सोयरिकीत पदर जुळणे या सर्व प्रयोगांत याचना, स्वीकार, आश्रय, मालकी आणि कुळ हे व्यवहार वस्त्राच्या टोकावर घडताना दिसतात. विवाहात वधूच्या शालूचा पदर आणि वराचे उपरणे यांची गाठ मारतात तीही टोकांचीच. काठ धारण करतो आणि पदर जोडतो, असे हे कार्यविभाजन आहे. अर्थाला ‘पदर’ असतात असे मराठी समीक्षक म्हणतो, तेव्हा या विभाजनातील एकच बाजू तो उचलत असतो. अर्थाला काठ असतो असे म्हणण्याची प्रथा पडलेली नाही.

२

कडेला अर्थ प्राप्त होण्याची प्रक्रिया अतिशय जुनी आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडात दीक्षेच्या प्रसंगी वस्त्राचे एकेक अंग एकेका देवतेला वाटून दिलेले आढळते: आडव्या-उभ्या धाग्यांचे भाग अग्नी आणि वायू यांना, नीवी पितरांना, ‘प्रघात’ नावाची कड सर्पांना, तंतू विश्वेदेवांना आणि विणीतील छिद्रे नक्षत्रांना. या वाटणीत कडांच्या वाट्याला पितर आणि सर्प यावेत, म्हणजे या जगाच्या सीमेवर वावरणाऱ्या शक्ती याव्यात, हे लक्षणीय आहे. पुढे स्मृतिकारांनी धर्मकृत्याला योग्य अशा ‘अहत’ वस्त्राची लक्षणे सांगताना ते नवे, पांढरे, न वापरलेले आणि ‘सदश’ असावे असे म्हटले. दशा शाबूत असणे हा वस्त्र अखंड असल्याचा, म्हणजे ते कोणत्याही मोठ्या कापडाचा तुकडा नसल्याचा पुरावा होता.

बौद्ध विनयाने नेमकी हीच खूण उलटी वाचली. महावग्गातील चीवरस्कंधकात न कापलेल्या दशांची, लांब दशांची, फुलांच्या आणि नागफणांच्या दशांची चीवरे भिक्षूंना निषिद्ध ठरवली आहेत. भिक्षूचे चीवर कापलेल्या तुकड्यांचेच असले पाहिजे. मगधातील शेतांची बांधांनी आखलेली रचना पाहून आनंदाने त्या धर्तीवर चीवर शिवले, अशी कथा त्याच ग्रंथात येते. गृहस्थाच्या वस्त्राची अखंडता नाकारून, त्याची बाजारातील किंमत घालवून, नव्या शिवणींचे बांध घातलेले हे वस्त्र संन्यासाचे चिन्ह झाले. वैदिक परंपरेत पावित्र्याचा आधार असलेली दशा येथे आसक्तीची निशाणी ठरली. चिन्ह तेच राहून मूल्य उलटते याचे इतके नेमके उदाहरण चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

पश्चिम आशियात वस्त्राची कड व्यक्तीच्या जागी उभी राहिली. प्राचीन बॅबिलोनियात करारनाम्याच्या ओल्या मातीच्या पाटीवर मुद्रा नसलेला मनुष्य आपल्या वस्त्राची कड दाबून तिचा ठसा उमटवी. इ. स. पूर्व अठराव्या शतकातील मारी येथील पत्रांत, भविष्यवाणी उच्चारणाऱ्या व्यक्तीच्या केसांची बट आणि वस्त्राची कड राजाकडे पाठवल्याचे उल्लेख येतात. त्या शब्दांमागे कोण आहे याची खातरजमा त्यांवरून व्हावी असा हेतू होता. स्वाक्षरीच्या पूर्वेतिहासात वस्त्राच्या कडेला स्थान द्यावे लागते ते यामुळे.

रोममध्ये तर वस्त्राच्या काठाने एका वाङ्मयप्रकाराला नाव दिले. वरिष्ठ दंडाधिकारी आणि स्वतंत्र कुळात जन्मलेले बालक जांभळ्या काठाचा टोगा परिधान करीत; त्याला ‘प्रेतेक्स्ता’, म्हणजे ‘पुढे विणलेला’, असे म्हणत. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात नेव्हियस या कवीने रोमच्या स्वतःच्या इतिहासावर नाटके रचली; त्यांतील पात्रे हा काठाचा टोगा नेसत म्हणून त्या प्रकाराला ‘फाबुला प्रेतेक्स्ता’ हे नाव मिळाले. ग्रीक कथानकांच्या सुखात्मिकांना ग्रीक उत्तरीयावरून ‘पालियाता’ म्हणत. म्हणजे प्रेक्षकाने नाटकाचा प्रकार ओळखायचा तो वस्त्रावरून, आणि राष्ट्रीय विषय ओळखायचा तो काठावरून. याच शब्दकुळातून इंग्रजीतील ‘प्रीटेक्स्ट’, म्हणजे निमित्त किंवा बहाणा, हा शब्द आला. पुढे विणलेला काठ मागचे झाकतो, ही शंका त्या शब्दात मुरलेली आहे.

३

काठ ही ओळखीची जागा आहे हे एकदा प्रस्थापित झाल्यावर सत्तेने तिच्यावर लिहावे हे स्वाभाविक होते. इस्लामी राजवटींत ‘तिराझ’ नावाच्या लेखपट्ट्या वस्त्रांत विणल्या किंवा भरल्या जात. त्यांत खलिफाचे नाव, आशीर्वचन, कित्येकदा साल आणि कारखान्याचे ठिकाण असे. नाण्यावर नाव पाडणे आणि शुक्रवारच्या खुतब्यात नाव घेतले जाणे यांच्या जोडीने तिराझ हे सार्वभौमत्वाचे चिन्ह मानले जाई. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त राजचिन्हांच्या विवेचनात तिराझला स्वतंत्र स्थान दिले आहे.

हिंदुस्थानी कापडाच्या इतिहासात काठाचा सर्वांत निर्णायक उपयोग मात्र लंडनच्या संसदेने केला. भारतीय छापील सुती कापडाच्या आयातीवर इंग्लंडमध्ये १७०० च्या कायद्याने आणि वापरावर १७२१ च्या कायद्याने बंदी आली. १७३६ साली सुताची व तागाची मिश्र वीण असलेल्या देशी कापडाला मोकळीक मिळाली. पुढे रिचर्ड आर्कराइटच्या यंत्रामुळे ताण्याला पुरेसे मजबूत सूत तेथे कातता येऊ लागले आणि संपूर्ण सुती कापड तेथेच निघू लागले, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो ओळखीचा. तयार कापडाकडे पाहून ते लँकेशायरचे की कोरोमंडलचे हे अधिकाऱ्याने ठरवायचे कसे? १७७४ च्या कायद्याने याचे उत्तर काठात शोधले. इंग्लंडमध्ये विणलेल्या अशा कापडाच्या दोन्ही काठांत, संपूर्ण लांबीभर, एकेका धाग्याच्या तीन निळ्या रेघा असाव्यात, आणि त्या काठाच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या धाग्याच्या जागी असाव्यात असे त्याने ठरवून दिले. शिवाय ब्रिटिश उत्पादन असल्याचा शिक्का हवा, आणि त्या शिक्क्याची नक्कल करणाऱ्यास देहदंड.

हा कायदा बारकाईने वाचण्याजोगा आहे. त्याने दोन प्रकारच्या खुणा मागितल्या: एक विणलेली, दुसरी छापलेली. विणलेली खूण कापड तयार झाल्यावर घालता येत नाही. ती घालायची तर ताणा भरतानाच निर्णय घ्यावा लागतो. छापलेली खूण नंतर, कोणालाही, कोणत्याही कापडावर उमटवता येते. म्हणूनच देहदंडाची धमकी छापाला जोडली गेली. विणलेल्या आणि छापलेल्या खुणांतील हा भेद संसदेला व्यवहाराने कळला होता. साहित्यसिद्धांताला तो पुढे लागू करून पाहता येतो.

एकोणिसाव्या शतकात फोर्ब्ज वॉटसनने १८६६ साली भारतीय वस्त्रांचे ७०० नमुने १८ खंडांत बांधून प्रसिद्ध केले. त्यामागचा हेतू उघड व्यापारी होता. पागोटे, धोतर, साडी ही वस्त्रे मागावरूनच नेसण्यायोग्य होऊन उतरतात. त्यांना शिंपी लागत नाही. म्हणून काठ आणि पदर योग्य जागी नसतील तर कापड कितीही स्वस्त असो, त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे त्याला ब्रिटिश कारखानदारांना पटवायचे होते. लँकेशायरने हा धडा घेतला आणि काठाची धोतरे हा त्याच्या निर्यातीचा मोठा भाग झाला.

त्याच काळात बंगालमधील विणकर काठाचा वेगळाच उपयोग करीत होते. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला तेव्हा शांतिपूरच्या विणकरांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना दीर्घायुष्य चिंतणारे गीत साडीच्या काठात विणले. ११ ऑगस्ट १९०८ रोजी खुदिराम बोस यांना फाशी झाल्यानंतर त्यांचे नाव काठात विणलेली धोतरे बंगालमधील तरुण नेसू लागले. तिराझच्या पट्टीवर सत्ताधीशाचे नाव होते. येथे सत्तेने मारलेल्याचे नाव आले. छापखान्यातील कागद जप्त करता येतो. नेसलेल्या धोतराचा काठ जप्त करणे तितके सोपे नसते. लेखनाची जागा म्हणून काठाची ही निवड अपघाती नव्हती, कारण काठ ही पूर्वीपासून ओळख सांगण्याचीच जागा होती.

४

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेत काठाचा प्रश्न जोडाच्या प्रश्नाशी निगडित आहे. काठाचा रंग अंगापेक्षा वेगळा आणि तरीही निर्भेळ हवा असेल, तर अंगाचा बाणा काठात शिरता कामा नये. विदर्भातील करवतकाठी साडीत यासाठी तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत गुंतवले जातात आणि त्या सांध्यावर करवतीसारखे दाते उमटतात. साडीला नाव मिळाले आहे ते या सांध्यावरून. इरकलमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने सोडवला जातो. तेथे अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात व ते एकमेकांत फासे अडकवून जोडले जातात. इलकल हे गाव कर्नाटकात, पण या साडीचा मोठा ग्राहकवर्ग महाराष्ट्रात राहिला आहे. दोन्ही उदाहरणांत सीमा ही रेघ नसून परस्परांत अडकलेल्या धाग्यांचा पट्टा आहे, आणि अडकवणे जितके नीट तितके वस्त्र टिकाऊ.

वस्त्र विरल्यावरही काठ उरतो, कारण त्याची वीण दाट असते. बंगालमध्ये जुन्या साडीच्या काठांतून रंगीत धागे ओढून त्यांनी कांथा भरण्याची रीत होती. महाराष्ट्रात गोधडीला जुन्या लुगड्याचे काठ उपयोगी पडत. इंग्लंडमध्ये लोकरी कापडाच्या कडेच्या पट्ट्यांना ‘लिस्ट’ म्हणत व त्यांची घरात वापरायची पादत्राणे बनत; ‘पट्टी’ या अर्थाच्या त्याच शब्दकुळातून, कागदाच्या पट्टीमार्गे, यादी या अर्थाचा ‘लिस्ट’ हा शब्द आला. दशीचेही असेच उत्तरायुष्य आहे. शुद्ध द्वितीयेच्या चंद्राला वस्त्राची दशी वाहण्याच्या चालीत जुन्या वस्त्राच्या टोकाने नव्याची मागणी केली जाते. संस्कृतात ‘दशा’ म्हणजे वस्त्राचे टोक, दिव्याची वात आणि आयुष्यातील अवस्था. तिन्ही अर्थांत संपत जाण्याची छटा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धोटाविरहित मागांनी या व्यवस्थेचा पायाच बदलला. या मागांत बाण्याचा धागा परतत नाही. प्रत्येक फेरीला नवा धागा फेकला जातो आणि कडेला कापला जातो. काठ म्हणून जे दिसते ते कापलेली टोके आत वळवून किंवा पीळ देणाऱ्या वेगळ्या धाग्यांनी बांधून तयार केलेले असते. पूर्वीच्या परिभाषेत सांगायचे तर काठाचे रूपांतर दशेत झाले. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथील व्हाइट ओक गिरणी धोट्याच्या मागांवर लाल रेघेच्या काठाचे डेनिम विणत असे; ती २०१७ साली बंद झाली. मात्र तशा काठाला दरम्यान स्वतंत्र मोल आले होते. पँटचा पाय दुमडून काठ दाखवण्याची फॅशन पडली. वस्त्राला धरून ठेवणारी गोष्ट वस्त्राची जाहिरात झाली.

भारतात हाच प्रश्न उपजीविकेचा झाला. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली २२ वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या गेल्या. यंत्रमागधारकांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली फेटाळले, तरी १९९६ मध्ये वस्तूंची संख्या ११ वर आली. साडी राखीव की नाही हे ठरवताना अंगात व काठात जादा ताण्या-बाण्याची नक्षी आहे काय, हा प्रश्न निर्णायक ठरे. १७७४ साली इंग्रज कारखानदाराला संरक्षण देण्यासाठी काठाचा आधार घेतला गेला होता. दोन शतकांनंतर तोच आधार भारतीय विणकरासाठी घ्यावा लागला. दोन्ही वेळा कायद्याला काठ वाचावा लागला, आणि दोन्ही वेळा नकलेचे भय कायम होते.

५

या इतिहासाच्या प्रकाशात सीमेविषयीचे साहित्यसिद्धांत तपासता येतात. इमॅन्युएल कांटने १७९० साली चित्राची चौकट आणि पुतळ्यावरील वस्त्र यांना कृतीबाहेरचे अलंकरण मानले. देरिदाने १९७८ साली दाखवून दिले की हे बाहेरचे आतल्या उणिवेमुळेच आवश्यक होते. फिलीप लजनने १९७५ साली छापील संहितेच्या झालरीविषयी लिहिले, आणि जेरार जेनेतने १९८७ साली शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, लेखकनाम या सर्वांना उंबरठ्याचे रूप दिले. या सर्व मांडण्यांत चौकट, उंबरठा, झालर या प्रतिमा येतात. त्या सर्व कृतीला जोडलेल्या किंवा कृतीनंतर उरलेल्या सीमांच्या आहेत. धाग्याच्या परतण्यातून घडणारी सीमा त्यांत नाही.

मराठी कवितेला तशा सीमेचा अनुभव जुना आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही छंदाच्या आत, अभंगाच्याच अक्षरसंख्येत बसलेली असते. ती काढली तर चरण मोडतो. छापील गाथेच्या मुखपृष्ठावरील कवीचे नाव हा शिक्का आहे. अभंगातील नाममुद्रा हा काठ आहे. तेथे उक्ती बाहेरच्या श्रोत्यापर्यंत जाते आणि बोलणाऱ्याकडे परतते. पोथीच्या शेवटी नकलकार आपले नाव, स्थळ आणि तिथी गद्यात लिहितो, ती दशा होय. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख ओवीतच येतो, तेव्हा हा भेद पणाला लागतो: लेखनिकाची दशा काव्याच्या काठात विणली गेली आहे, आणि करवतकाठीप्रमाणे दोन धोट्यांचे धागे येथे परस्परांत गुंतले आहेत.

संहिताचिकित्सेला यातून मिळणारा इशारा दुहेरी आहे. नाममुद्रा अभंगाच्या विणीचा भाग आहे, म्हणून ती सोलून काढता येणारी लेखकदर्शक पट्टी नव्हे. पण ती विणीचा भाग आहे एवढ्यावरून अभंग त्या कवीचा ठरत नाही, कारण ताणा भरतानाच दुसऱ्याचे नाव घालणारा विणकरही असू शकतो. संतांच्या गाथांतील प्रक्षिप्त अभंग याच रीतीने आले. निळे धागे कोठे असावेत हे एकदा कायद्याने सांगितले की ते तेथे कसे घालावेत हेही सर्वांना समजते. म्हणून कर्तृत्वाचा निर्णय केवळ काठ पाहून न करता अंगाची वीण, सूत आणि पोत तपासूनच करावा लागतो. कापड पारखणारा जाणता माणूस काठ पाहून ते हातात घेतो खरे. पण निर्णय देण्यापूर्वी तो ते उलगडून अंगावरून बोटे फिरवतो.